फुईच्या टपालाची गाळणी

दोंडाईचा,
११ ऑगस्ट २०२५

चि. चेतनला फुईचे आशीर्वाद.

तू मला हा मेलचा पत्ता काढून दिलास तेव्हा म्हणाला होतास, फुई, हा आपला घरचा पत्ता, आपल्याच सर्व्हरवरचा, इथं बाहेरचं कुणी येणार नाही. बाबा रे, आता इथं बाहेरचेच सगळे आहेत. आज सकाळी पेटी उघडली तर एक जण मला दुबईत फ्लॅट देतोय, दुसरा टकलावर औषध देतोय आणि तिसऱ्याला माझ्याशी मैत्री करायची आहे. सदतीस वर्षं प्राथमिक शाळेत फळा पुसला, तेव्हा कुणी मैत्री करायला आलं नाही. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं झालंय. या सगळ्या ढिगात तुझं मागचं पत्र आठवडाभर पडून होतं.

फोनवर मला आता काहीच ऐकू येत नाही, मशीन लावलं तरी नुसती घरघर. मोबाईलचा पडदा दिसत नाही. तेव्हा सुरतेशी बोलायची माझी ही एकच वाट उरली आहे. ती बुजू देऊ नकोस, काहीतरी उपाय कर.

सुषमा कशी आहे? चंचलच्या शाळेचं लिही. तुझ्या आईची चौकशी मी करत नाही आणि का ते तिला माहीत आहे. पोरीच्या कानात नाव सांगायचा मान फुईचा, आत्याचा, आणि तुला बहीण नाही म्हणून तो माझा. तुझे फुवा त्याच वर्षी गेले, मी विधवा झाले, म्हणून चंचलच्या बारशाला तुझ्या आईनं मला पाळण्यापासून उठवलं आणि आपल्या बहिणीला बसवलं. तेव्हाच सांगून निघाले होते, शोभा स्वतः बोलवेल तेव्हाच या घरात पाय ठेवीन. आजही तेच म्हणते. तिला एक हाक मारू दे, मिळेल त्या गाडीनं येईन. पण हाक तिची हवी, तुझी चालणार नाही.

तुझी,
सरलाफुई


गोडादरा, सुरत
१५ ऑगस्ट २०२५

ती. फुईस साष्टांग नमस्कार.

आज मार्केट बंद, म्हणून सकाळपासून तुझंच काम करतोय. सुषमा म्हणते, लोक सुटीच्या दिवशी डुमसला फिरायला नेतात आणि माझा नवरा फुईच्या टपालाला गाळणी बसवतोय. खरं आहे तिचं. दिवसभर पर्वत पाटियाला शेठच्या साड्यांच्या दुकानातले कॉम्प्युटर सांभाळायचे आणि घरी येऊन हा स्वतःचा सर्व्हर. पण काही लोक कबुतरं पाळतात, मी हे पाळलंय.

आता नीट ऐक. गाळणी मी तुझ्या कॉम्प्युटरवर बसवलेली नाही, सर्व्हरवर बसवली आहे. म्हणजे पत्र तुझ्या पेटीत पडायच्या आधीच ती वाचते आणि त्याला गुण देते. तुझ्या शाळेच्या उलट, जितके गुण जास्त तितका मुलगा वाया गेलेला. फार गुण झाले की पत्र ‘कचरा’ नावाच्या खणात जाईल.

पण गाळणी आत्ता कोरी आहे, तिला शिकवावं लागेल, आणि शिकवण्यात तुझा हात कोण धरणार? जे पत्र नकोसं वाटेल ते ओढून ‘कचरा’ खणात टाक. सर्व्हर रोज तो खण वाचतो, त्यातले शब्द लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तसलं पत्र आलं की स्वतःच बाजूला काढतो. जितकं टाकशील तितकी ती शहाणी होईल.

आई बरी आहे. तुझा निरोप तिला सांगितला नाही, दोघींच्या मध्ये टपालवाला व्हायची मला हौस नाही.

तुझा,
चेतन


दोंडाईचा,
२८ सप्टेंबर २०२५

चि. चेतनला आशीर्वाद.

तुझी विद्यार्थिनी हुशार आहे. महिन्याभरात दुबई, टक्कल, मैत्री सगळं ओळखायला शिकली. मीही रोज चहा झाला की बसते आणि एकेक पत्र कचऱ्यात ओढते. मला तर त्यात गंमत वाटायला लागली आहे.

आणखी एक सोय झाली. आमच्या निवृत्त शिक्षक संघाची पत्रं येतात, त्यात आठ दिवसांत एक तरी मयताचं. अमुक गुरुजी दवाखान्यात, डॉक्टरांनी आशा सोडली, भेटून घ्या; लगेच मागून अमुक गुरुजी गेले, दशक्रिया अमुक दिवशी. आपल्यात मयताचं पत्र घरात ठेवत नाहीत. पोस्टकार्ड यायचं तेव्हा माझी आई ते ओट्यावरच वाचून घ्यायची आणि तिथंच फाडून टाकायची, उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. या मेलचं काय करावं ते मला कळत नव्हतं, पेटीत ठेवलं की मन खात राहायचं. आता वाचलं की कचऱ्यात टाकते आणि हात धुऊन येते.

पण परवा मी घाबरले. तुझ्याच नावानं पत्र आलं. फुई, मी अडचणीत आहे, खालच्या निळ्या ओळीवर बोट दाब. मी दाबणारच होते. मग लक्षात आलं की तू मला कधी नुसतं ‘फुई’ लिहून सुरुवात करत नाहीस, नमस्कार करतोस. असलं पत्र मला दिसायलाच नको. कचऱ्याच्या खणातही नको, कारण तिथंही मी डोकावतेच, म्हातारीची खोड. दारातूनच परतवून लाव.

सरलाफुई


सुरत,
२९ सप्टेंबर २०२५

ती. फुईस नमस्कार.

तुझं पत्र दुकानात उभ्या उभ्याच वाचलं, दिवाळीचा माल निघतोय आणि शेठ डोक्यावर बसलाय. पण तुझं काम रात्रीच करून टाकलं.

दोन गोष्टी केल्या. फार गुण पडलेलं पत्र आता सर्व्हरच नष्ट करतो, तुझ्यापर्यंत येतच नाही, खणातही नाही. आणि घरच्या माणसांच्या पत्त्यांना मी सूट दिली होती, न तपासता आत सोडायची, ती काढली. आपलं नाव लावून चोर येत असेल तर घरच्यांनीही झडती द्यायला हवी. माझीसुद्धा पत्रं आता तपासूनच येतील.

निश्चिंत झोप.

चेतन


सुरत,
९ नोव्हेंबर २०२५

ती. फुईस साष्टांग नमस्कार.

कसं लिहू ते कळत नाही. आई दवाखान्यात आहे. दिवाळीत फराळाला बसली आणि उठता येईना. पोटात गाठ आहे, बरीच जुनी. तिला दुखत होतं आणि ती आम्हाला सांगत नव्हती, ओवा खाऊन दिवस काढत होती. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता ऑपरेशन करण्यात अर्थ नाही, घरच्यांना भेटवून घ्या.

मी हे तिला सांगितलं नाही, पण ती समजली. काल सुषमाला बाहेर पाठवलं आणि मला म्हणाली, “आक्काले लिख. तिले सांग, शोभानी बलावं शे.” फुई, तिनं तुला बोलावलं आहे. तू म्हणाली होतीस ना, हाक तिची हवी. ही तिची आहे, शब्दन् शब्द.

मी म्हटलं, कडोदऱ्याहून चुलतभाऊ धुडकूला पाठवतो, तो गाडीत बसवून घेऊन येईल. तर चिडली. “दुसरा कोनाले सांगू नको. लोकेस्नी सांगं म्हनीसन ती ई, ते माले नको.” लोकांनी सांगितलं म्हणून, लाजेखातर आलेली तू तिला नको आहेस. मनानं आलेली हवी आहेस. मला शपथ घातली आहे, म्हणून तुझ्याशिवाय कुणाला लिहिलेलं नाही.

तापी लाईनची कुठलीही गाडी धर. उधन्याला स्टेशनवर मी उभा राहीन.

चेतन


सुरत,
१३ नोव्हेंबर २०२५

ती. फुईस नमस्कार.

चार दिवस झाले. तुला राग आहे ते मला मान्य आहे. बारशाच्या दिवशी मीही तिथं होतो आणि गप्प बसलो. पण आई आता अन्न घेत नाही, सलाइनवर आहे. कुणी दार उघडलं की विचारते, “आक्का उनी का?” मी सांगतो, गाडीला गर्दी आहे, रिझर्वेशन मिळत नाहीये. किती दिवस हेच सांगू?

येणार नसलीस तर निदान तिला दोन ओळी लिही. मी वाचून दाखवीन.

चेतन


दोंडाईचा,
१५ नोव्हेंबर २०२५

चि. चेतनला आशीर्वाद.

लग्नसराईचा माल निघत असेल, तुला श्वास घ्यायला फुरसत नसेल, म्हणून पत्र नाही हे मी समजते. उत्तराची घाई करू नकोस. इकडे सगळं ठीक. यंदा मिरची चांगली सुकली, चंचलसाठी कमी तिखटाची वेगळी कुटून ठेवली आहे.

तुझ्या गाळणीला माझ्याकडून शाबासकी. आता पेटी कशी आरशासारखी असते. जे मला नको ते दारापर्यंत येतच नाही. या वयात माणसाला आणखी काय पाहिजे?

सरलाफुई


सुरत,
१७ नोव्हेंबर २०२५

फुई,

तुझं पत्र मिळालं. दवाखान्याच्या जिन्यात वाचलं आणि दोनदा वाचलं, कारण आईबद्दल एक अक्षर दिसेना. घाई करू नकोस म्हणतेस. नको ते दारापर्यंत येत नाही म्हणतेस. मिरची कुटतेस. एखाद्यानं रागाची काही हद्द ठेवावी.

माझी आई मरते आहे. ती तुला पाळण्यापासून उठवून चुकली. तिनं हे आम्हाला कधी बोलून दाखवलं नाही, पण काल सुषमाला म्हणाली की चंचलला तिचं नाव आक्काच्या तोंडून एकदा ऐकवायचं राहिलं. एवढं तिच्यासारख्या बाईनं म्हणणं म्हणजे किती, ते तुला मी सांगायला नको.

हे शेवटचं विचारतो, येतेस का? आज संध्याकाळच्या गाडीत बसलीस तरी चालेल. यानंतर विचारणार नाही.

चेतन


दोंडाईचा,
२ डिसेंबर २०२५

चेतन,

काल बाजारात धुडकू भेटला. मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “फुई, तू दहाव्याले उनी नही?” मला धड ऐकू आलं नाही, कुणाचा दहावा ते कळेना, म्हणून त्याला पाटीवर लिहायला लावलं. भाजीवालीच्या भाव लिहायच्या पाटीवर, खडूनं, त्यानं लिहिलं की शोभाकाकू गेली. तिथंच भर बाजारात मला कळलं.

माझा सख्खा भाऊ आधीच गेला, आता त्याची बायको गेली आणि मला एक ओळ नाही. तिच्या नावानं मी आंघोळ केली नाही, पाण्याचा थेंब सोडला नाही. उलट त्या दिवसांत मी पापड लाटत होते, शेजारणीच्या नातवाच्या वाढदिवसाला गोड खाऊन आले. मी तिच्याशी बोलत नव्हते हे खरं, पण वैरीण नव्हते. एकोणिसाव्या वर्षी ती आमच्या घरात आली तेव्हा तिला भाकरी थापायला मी शिकवलं. आजारपणही कळवलं नाहीस. एवढी मी तुम्हाला नकोशी झाले का? तिनंच तुला मनाई केली होती का, तेवढं सांग. दुसरं काही विचारत नाही.

सरला


सुरत,
३ डिसेंबर २०२५

ती. फुईस,

तुझं पत्र वाचून माझ्या अंगाची लाही झाली. मी तीन पत्रं लिहिली. तीन. आणि तू मिरचीचं उत्तर दिलंस. आता भर बाजारात कळल्याचं रडगाणं मला कशाला सांगतेस?

हे एवढं लिहून मी पाठवणार होतो. मग सुषमा म्हणाली, फुई रागीट आहे, खोटारडी नाही. एकदा तुझा तो सर्व्हर उघडून तर बघ. मी उघडला.

तिन्ही पत्रं सर्व्हरपर्यंत पोचली आहेत. तिन्हींना गाळणीनं गुण दिलेत, दुबईच्या फ्लॅटला पडत नसतील इतके. आणि मी सांगितलं होतं तसं त्यांना नष्ट केलंय. त्यातली एक ओळही तुझ्यापर्यंत आली नाही.

का, तेही शोधलं. तुला मराठीतून येणारी पत्रं थोडी. त्यातली तू कचऱ्यात टाकलीस ती सगळी संघाची, दवाखान्याची आणि मयताची. मशीनला रीत कळत नाही, फुई. ते पत्र तू अशुभ म्हणून काढलंस हे त्याला माहीत नाही, नकोसं म्हणून काढलंस एवढंच कळतं. दवाखाना, डॉक्टर, आशा नाही, भेटून घ्या, असे शब्द ज्यात असतील ते फुईला नको, असं ते शिकलं. मी दुसरं काय लिहिलं होतं? माझी सूट काढली नसती तर पत्रं आत आली असती. कचऱ्याच्या खणात पडू दिली असती तरी तू डोकावली असतीस.

तू हे सगळं सप्टेंबरात मला स्वच्छ लिहिलं होतंस. हात धुऊन येते, असंसुद्धा. मी उभ्या उभ्या वाचलं.

आईनं मनाई केली नव्हती. उलट तिनं बोलावलं होतं. बाकीचं पत्रांत आहे. गाळणी बंद केली आहे, तिन्ही पत्रं पुन्हा पाठवतो. १९ तारखेला पहाटे ती गेली. तेव्हाही तुला चार ओळी लिहिणार होतो, पण तुझ्या मिरचीचा राग डोक्यात होता, म्हणून लिहिल्या नाहीत. दहाव्याला लोकांनी विचारलं, नणंद कुठं आहे, तेव्हा मी सांगितलं की तिला यायचं नव्हतं. धुडकूनं बहुतेक तेच ऐकलं असेल.

चेतन


दोंडाईचा,
८ डिसेंबर २०२५

चि. चेतन,

पत्रं मिळाली. दुबई आणि टक्कलही पुन्हा यायला लागलंय, त्यांच्यामधून शोधून काढली. एक वाचलं की उठायचे, अंगणात जाऊन यायचे, मग दुसरं. हे लिहायला बसायलाच चार दिवस गेले.

तू मशीनला दोष देऊ नकोस आणि स्वतःलाही देऊ नकोस. शिकवलं मी. आयुष्यभर पोरांना शिकवलं, त्यातली निम्मी विसरली. या एकाला शिकवलं ते त्यानं पक्कं धरलं. आणि मनाला एक टोचणी आहे ती कुणाला सांगू? मला अशुभ म्हणून पाळण्यापासून उठवलं, तर नऊ वर्षं मी शोभाशी बोलले नाही. आणि कुणाच्या आजाराचं, मरणाचं पत्र आलं की मीही ते अशुभ म्हणून बाहेर टाकत होते. मग माझ्यात आणि तिच्यात काय फरक राहिला?

आता जे लिहिते ते नीट वाच, उभ्या उभ्या वाचू नकोस.

मी तुला ऑगस्टात लिहिलं होतं, तिनं एक हाक मारली तर मिळेल त्या गाडीनं येईन. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. आता तिन्ही पत्रं समोर ठेवून बसल्यावर स्वतःशी खोटं बोलवत नाही. मी ९ तारखेच्या पत्राला आले नसते. मी मनात म्हटलं असतं, नऊ वर्षांनी आठवण झाली का, मरणाच्या दारात? थोडं थांबू दे तिला, मीही थांबले होते. दुसऱ्यालाही आले नसते. तू दोन ओळी मागितल्या होत्यास, त्या पाठवून दिल्या असत्या, त्याही खोचक. मी स्वतःला ओळखते.

तिसऱ्याला आले असते. चंचलच्या नावाचं वाचून एक क्षण थांबले नसते, आहे त्या लुगड्यानिशी स्टेशन गाठलं असतं. सकाळी उधन्याला उतरले असते.

म्हणजे माझं आणि तिचं जे काही गेलं ते त्या एका दिवसात गेलं. तेवढंच मला विचारायचं आहे. १७ तारखेला, आणि मी पोचले असते त्या १८ च्या सकाळी, ती शुद्धीवर होती का? बोलत होती का? नव्हती म्हणालास तर मी देवाचे आभार मानीन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. पण मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. सुषमाच्या हातानं लिहून घे, ती खोटं बोलत नाही.

तुझी,
फुई


सुरत,
९ डिसेंबर २०२५

ती. फुईस साष्टांग नमस्कार.

हे चेतन सांगतो आहे आणि सुषमा लिहिते आहे. त्यानं तीन वेळा वेगळं सांगून पाहिलं, मी लिहिलं नाही, तेव्हा आता मीच लिहिते.

१८ ला सकाळी आई शुद्धीवर होत्या, सगळ्यांना ओळखत होत्या. नर्सनं सलाइन बदललं तेव्हा आईंनी तिला तिच्या गावाचं नाव विचारलं. मग मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, “मना केस इचरी दे व माय. आक्का उनी ते माले आशी देखी का?” मी तेल लावून वेणी घातली, कपाळ कोरं दिसतंय म्हणून त्यांनी टिकली मागितली, मग विधवेला कसली टिकली म्हणून त्याच हसल्या आणि म्हणाल्या, राहू दे, आक्काही लावत नाही.

त्यानंतर मान दाराकडे करून द्यायला सांगितली. दुपारपर्यंत जाग्या होत्या.

तुमची,
सुषमा